मागणे आणि धावणे
(व्याख्यानाचा सारांश)



टेंभी नाक्यावरील विठ्ठल सायन्ना यांच्या नावाचे जिल्हा रुग्णालय सर्वांना ‘सिव्हिल’ म्हणूनच परिचित. त्याच्या जुन्या इमारतीच्या दारात, हाती डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन उभे असलेले खेड्यापाड्यांतील नातलग नाक्यावरच्या प्रत्येक दुकानदाराने पाहिले आहेत. दुखणे ते सोसत. परंतु परक्या माणसासमोर हात पसरणे त्यांना त्याहून जड जाई. आजच्या विषयाचे मूळ या मागण्याच्या संकोचात आहे.

बारामतीच्या लताबाई भगवान करे यांची हकीकत अनेकांनी ऐकली असेल. वय साठीच्या पुढे, उपजीविका शेतमजुरीची. यजमान आजारी पडले, एमआरआय तपासणी करणे भाग पडले आणि पदरी पैसा नव्हता. सन २०१३ च्या सुमारास बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांसाठी तीन किलोमीटरची शर्यत होती. लताबाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि पाच हजार रुपयांचे पहिले बक्षीस घेऊन आल्या. पुढे २०२० साली त्यांच्या जीवनावर ‘लता भगवान करे’ हा चित्रपट निघाला. त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला.

या माउलीचे कौतुक करावे तितके थोडेच. तथापि व्यापाऱ्याने जमेबरोबर नावेची बाजूही पाहावयाची असते. लताबाई दुसऱ्या आल्या असत्या तर? एका रुग्णाची तपासणी काही पावलांच्या अंतरावर अवलंबून राहावी, हा हिशेब बरोबर नाही. बक्षिसासाठी धावणाऱ्यास जिंकावेच लागते. शेजाऱ्यासाठी धावणाऱ्यास केवळ शर्यत पुरी करावी लागते, कारण त्याच्या मागे रक्कम उभी करणारे पुष्कळ जण असतात. कुणी किलोमीटरमागे दहा रुपये कबूल करतो, कुणी शंभर. मुख्य म्हणजे, रुग्णाच्या घरच्यांनी जे तोंडाने मागावयाचे ते हा धावणारा मागतो. त्यांचा संकोच तो आपल्या घामाने वाचवतो.

कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाने हे जगास दाखवून दिले. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. इस्पितळात सोबतच्या रुग्णांचे हाल त्याने पाहिले होते. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायावर तो देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून निघाला. रोज सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे प्रतिदिनी एक संपूर्ण मॅरेथॉन! प्रारंभी प्रतिसाद तुरळक होता. अशा वेळी पोर्ट-ओ-बास्क या दहा हजार वस्तीच्या लहानशा बंदरगावाने दहा हजार डॉलर जमवून दिले. माणशी एक डॉलर! त्यावरून प्रत्येक देशबांधवाकडे एकच डॉलर मागावयाचा, असे त्याने ठरविले. आपल्या मालाची जाहिरात करू पाहणाऱ्या कंपन्यांना त्याने नकार दिला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि रोग फुफ्फुसांत पसरल्याने त्यास थांबावे लागले. फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २ कोटी ४१ लाख डॉलरच्या पुढे गेला. देशाची लोकसंख्याही जवळजवळ तेवढीच होती. त्याच वर्षी जूनमध्ये, अवघ्या बावीस वर्षांचा असताना, तो गेला. पोहोचावयाचे तेथे तो पोहोचला नाही, तरी निधीत एक डॉलरही कमी पडला नाही.

मुंबईत २००४ पासून जानेवारीत होणाऱ्या मॅरेथॉनमध्येही धर्मादाय संस्थांसाठी देणग्या गोळा होतात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. धावण्याचे प्रवेशशुल्क भरले म्हणजे दान झाले, असे अनेकांना वाटते. ते शुल्क आयोजनाचे. देणगी निराळी मागावी लागते.

आता आळीतल्या शेजाऱ्यासाठी कुणी धावावयाचे मनात आणले, तर प्रथम वही घालावी. कोणी किती कबूल केले आणि किती आले, हे दोन निरनिराळे रकाने. कारण कबुली आणि वसुली यांतील अंतर पेढीवर बसणाऱ्यास सांगावयास नको. रक्कम रुग्णाच्या हाती न देता परस्पर इस्पितळाच्या बिलात जमा करावी आणि पावती वहीत चिकटवावी. रुग्णाचे नाव फलकावर लिहू नये. घरात लग्नाची मुलगी असते, आजार सर्वांना कळावा असे त्या घरास वाटत नसते. ‘एका शेजाऱ्यासाठी’ एवढे पुरे. शिल्लक उरली तर ती पुढच्या रुग्णाच्या नावे ओढावी, सत्कारावर व शालींवर खर्चू नये. आपल्याकडे शालींचा खर्च तसाही कमी नाही!

ठाण्याची वर्षा मॅरेथॉन पावसाळ्यात असते. सरावास तलावपाळीची पहाट उत्तम, साडेपाचला रहदारी नसते. आरंभी दोन किलोमीटर चालावे, मग हळूहळू धावावे. पन्नाशीपुढच्यांनी वैद्यकीय तपासणी अवश्य करून घ्यावी. आणि शर्यतीच्या दिवशी नवे बूट घालू नयेत, फोड हमखास येतात. महिनाभर वापरलेली जोडीच बरी.