वजनाच्या आकड्यापलीकडची रुग्णपरीक्षा

बेल्जियमचे गणितज्ञ केतले यांनी एकोणिसाव्या शतकात वजनास उंचीच्या वर्गाने भागण्याचे जे प्रमाण मांडले, ते लोकसमूहाची सरासरी अभ्यासण्यासाठी होते, एकेका माणसाच्या प्रकृतीचा निवाडा करण्यासाठी नव्हे. पुढे २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या संशोधकांनी स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही केतले यांच्या प्रमाणाने निघणारा निर्देशांक २२.३, परंतु शरीरातील मेद मात्र याज्ञिकांचा २१.२ टक्के आणि युडकिनांचा अवघा ९.१ टक्के! वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास हे चित्र पहिल्याच वर्षी दाखवावे, असे मला अंतःकरणपूर्वक वाटते. कारण काट्याची मर्यादा ज्यास उमगली, तो स्थूल स्त्रीच्या गुडघेदुखीची तक्रार 'आधी वजन उतरवा' एवढ्यावर दप्तरदाखल करणार नाही, आणि सडपातळ पुरुषास रक्तशर्करा तपासल्यावाचून निरोगीपणाचा दाखलाही देणार नाही. वजन करण्यापूर्वी अनुमती विचारणे, रक्तदाब, निद्रा, आहार व हालचाल यांची आस्थेने चौकशी करणे, हे शिक्षण परीक्षेच्या गुणांइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे, कारण एकदा उपमर्द झालेला रुग्ण पुष्कळदा दवाखान्याची पायरी पुन्हा चढतच नाही आणि त्याचा आजार निदानावाचून वाढत राहतो.