शिवायचं की उघडायचं?

कापडाला भोक पडलं की रफू करायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. शरीराचंही तसंच असणार, असं आपण धरून चालतो. नडगीच्या बाबतीत मात्र हा हिशेब अंगाशी येऊ शकतो.

गुडघ्याखाली पायात स्नायूंचे ४ कप्पे असतात. प्रत्येकाभोवती चिवट आवरण. ते फारसं ताणत नाही. जोराचा मार बसला की कधी कधी त्याला फट पडते आणि आतला स्नायू बाहेर डोकावतो. हा स्नायूचा हर्निया. आतड्याशी याचा काही संबंध नाही. उभं राहिलं की मऊ उंचवटा दिसतो, आडवं झालं की बहुधा गायब! म्हणून रोग्याला झोपवून तपासलं तर तो सहज निसटतो. सोनोग्राफीसुद्धा उभं करून, पाऊल हलवायला लावून करावी लागते.

माझा भाचा पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्याची तयारी करत होता. कबड्डीत नडगीवर लाथ बसली आणि पुढे तिथं लिंबाएवढा फुगा दिसू लागला. थोडं धावलं की पाय ठणके. "मामू, ते भोक एकदाचं शिवून टाका म्हणावं," हा त्याचा धोशा.

सर्जननी आधी घट्ट मोजा आणि विश्रांती दिली. पुष्कळांचं एवढ्यावर भागतं; दुखतच नसेल तर काही करावंही लागत नाही. याचं भागलं नाही. तेव्हा ते म्हणाले, "शिवणार नाही. फट आणखी लांब करणार."

आम्ही चाटच पडलो. कारण त्यांनी नीट सांगितलं. धावताना स्नायू रक्तानं फुगतो. फट ओढून शिवली तर कप्पा तंग होतो, आतला दाब वाढतो, रक्त पोचत नाही. मग काही तासांत स्नायू आणि नसा मरू लागतात. पायावरच बेतू शकतं. फट वर-खाली लांबवली तर स्नायूला बसलेला चिमटा सुटतो. ताण न देता जाळीचं किंवा मांडीतल्या आवरणाचं ठिगळ लावण्याचाही मार्ग आहे. शेजारून पावलाकडे जाणारी नस तेवढी जपावी लागते.

भाचा आता पळतो. उंचवटा आहे तिथंच आहे. "एवढे पैसे मोजले आणि गाठ तर तश्शीच!" असं माझी बहीण अजून म्हणते. तिची समजूत घालायचं काम मी भाच्यावर सोपवलं आहे.