मौन आणि संमति

मुंबईहून कोंकणांत जाणाऱ्या आगबोटी मालवण-वेंगुर्ल्यास लागत, त्या काळीं पावसाळ्यांत त्यांची ये-जा बंद असे. घरोघरीं ही गोष्ट ठाऊक असल्यामुळें हवी ती तजवीज मिरगापूर्वींच होई. नियम उघड असला, म्हणजे गैरसोय सोसतां येते. ई-मेलचे नियम मात्र बहुतेकांच्या दृष्टीआड असतात.

ई-मेल वाहणाऱ्या यंत्रणेपुढें पदोपदीं प्रश्न उभे राहतात. पलीकडचें यंत्र उत्तर देत नसेल, तर पत्र किती दिवस राखावें? तें संशयास्पद वाटलें, तर कोठें टाकावें? कोणीं कांहींच सांगितलें नसेल, तेव्हां यंत्रणा रचणारानें आधींच लिहून ठेवलेलें उत्तर लागू होतें. यासच 'डिफॉल्ट' म्हणतात. संस्थेच्या व्यवस्थापकाला तें उत्तर बदलतां येतें. आणि त्यानें मोकळीक ठेवली असेल, तेथें वापरणाऱ्याची इच्छा शेवटची ठरते.

वीत्से व्हेनेमा यांची 'पोस्टफिक्स' ही यंत्रणा १९९८ सालीं लोकांपुढें आली. तिच्यांत पत्र राखण्याची मूळ मुदत ५ दिवसांची आहे. मे २०२१ मधील 'तौक्ते' वादळांत सिंधुदुर्गांत कित्येक ठिकाणीं वीज खंडित झाली. अशा वेळीं एखाद्या कचेरीचें ई-मेल घेणारें यंत्र तेथेंच असेल, तर तिला धाडलेलें पत्र मुंबईच्या यंत्रांत खोळंबून राहतें, आणि मुदत सरतांच धाडणाऱ्याकडे परत फिरतें. निदान तें पोंचलें नाहीं, एवढें त्याला कळतें.

जीमेलमध्यें 'स्पॅम' म्हणून बाजूस पडलेल्या पत्राचें तसें नाहीं. तें ३० दिवसांनीं आपोआप नाहींसें होतें, आणि धाडणाऱ्यास त्याचा सुगावाहि लागत नाहीं. तारकर्लीस पाहुण्यांची सोय करणाऱ्या कुटुंबाकडे दिवाळीसाठीं आलेली विचारणा, किंवा मुंबईच्या भावानें वडिलोपार्जित जमिनीसंबंधीं धाडलेला कागद अशा रीतीनें गडप झाला, तर एकाचा हंगाम बुडतो आणि दुसऱ्या घरीं भावाभावांत अकारण किल्मिष येतें.

यावर उपाय सोपा आहे. महिन्यांतून निदान दोनदां स्पॅमचा कप्पा पाहावा. नेहमींच्या माणसांचीं पत्रें तेथें टाकूं नयेत, अशी सूचना सेटिंगमध्यें एकदां नोंदवावी. यंत्रणा कोणाच्या मनांतलें ओळखीत नाहीं. मालक गप्प राहिला, तर त्याची संमति आहे असें धरून ती चालते.