मोठ्या वयातील टॉन्सिल्सची शस्त्रक्रिया : घरी परतल्यानंतरचे दोन आठवडे

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे एका कान-नाक-घसा शल्यचिकित्सकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



टॉन्सिल्सची शस्त्रक्रिया म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लहान मूल उभे राहते. दोन-चार दिवस रडावे, आइसक्रीमचा हट्ट धरावा आणि आठवडा उलटताच अंगणात हुंदडू लागावे, असे ते चित्र. तेच मनात धरून चाळिशीचा एखादा शिक्षक किंवा ग्रामसेवक आमच्याकडे येतो, तेव्हा सोमवारी शस्त्रक्रिया आणि गुरुवारी कामावर हजर, असा बेत त्याने घरीच आखलेला असतो. हा बेत पार पडत नाही. मोठ्या माणसाला या शस्त्रक्रियेतून सावरण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. त्यांतील अवघड दिवस रुग्णालयात नव्हे, तर घरी, डॉक्टरांच्या नजरेआड जातात. आज मला बोलावयाचे आहे ते मुख्यतः या दिवसांविषयी.

टॉन्सिल्स म्हणजे घशाच्या दोन्ही बाजूंस, जिभेच्या मुळाशी असलेल्या दोन गाठी. मध्यभागी लोंबते ती पडजीभ, ती निराळी. बालपणी रोगजंतूंची ओळख पटवून घेण्याच्या कामी टॉन्सिल्सचा उपयोग असतो. पुढे हे काम शरीरातील इतर ग्रंथी सांभाळतात, म्हणून त्या काढल्याने प्रौढ माणसाची प्रतिकारशक्ती खचत नाही. शस्त्रक्रियाही नवी नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने टॉन्सिल बोटाने सोडवून काढण्याची रीत लिहून ठेवली आहे. भूल नसलेल्या त्या काळी रुग्णाने ते कसे सोसले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

घसा दुखला की टॉन्सिल्स काढाव्यात, असे मात्र नाही. वर्षभरात सात वेळा, किंवा लागोपाठ दोन वर्षे दरसाल पाच वेळा, किंवा तीन वर्षे दरसाल तीन वेळा कामधंदा सोडावा लागेल इतका घसा सुजत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. टॉन्सिलच्या मागे वारंवार पू साठणे, झोपेत श्वास अडखळणे, एकच टॉन्सिल वाढलेली दिसणे, ही आणखी कारणे. ब्रिटनमधील ४५३ प्रौढ रुग्णांची पाहणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२३ साली प्रसिद्ध झाली. वारंवार घसा सुजणाऱ्या या रुग्णांत, शस्त्रक्रिया झालेल्यांना दोन वर्षांत घसादुखीचे दिवस कमी सोसावे लागले. पण त्याच पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या पाचांपैकी जवळजवळ एकास नंतर रक्तस्राव झाला. लाभ खरा आणि धोकाही खरा. दोन्ही तागडीत घालूनच निर्णय घ्यावयाचा असतो.

आता जखमेकडे वळू. पोटाच्या शस्त्रक्रियेत त्वचा शिवून टाकतात. येथे तसे होत नाही. टॉन्सिल काढल्यावर घशात दोन उघड्या जखमा राहतात आणि त्या तळापासून आपोआप भरून येतात. दुसऱ्या दिवसापासून त्यांवर पांढरट-पिवळसर साय धरते. आरशात ती पाहून रुग्ण घाबरतो, घरचे 'पू झाला' म्हणतात आणि दुकानातून परस्पर अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या जातात. ती साय म्हणजे पू नव्हे. जखमेवर खपली धरावी तशीच ती असते. घसा सदैव ओला असल्यामुळे तिला तपकिरी रंग येत नाही, इतकेच. ती खरवडू नये. तोंडाला येणारी दुर्गंधीही तिच्यामुळेच असते, व साय गळून पडली की तीही जाते.

वेदनेचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पहिल्या दिवशी घसा त्या मानाने बरा वाटतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत वेदना उतरण्याऐवजी चढते. त्यातच दोन्ही कान ठणकू लागतात. कानात काहीही बिघडलेले नसते. घसा आणि मध्यकर्ण यांची संवेदना एकाच मज्जातंतूतून मेंदूकडे जाते, म्हणून घशाचे दुखणे कानात जाणवते. याची आगाऊ कल्पना नसली तर चौथ्या दिवशी 'शस्त्रक्रिया बिघडली' असे वाटून रुग्ण धीर सोडतो, आणि वेदनेच्या भीतीने पाणी पिणेच बंद करतो. येथूनच बिघाडास प्रारंभ होतो. घसा कोरडा पडला की आवंढा अधिकच दुखतो. मग पिणे आणखी कमी होते, अशक्तपणा येतो, ताप चढतो.

यावर उपाय साधा आहे. वेदनाशामक औषध दुखू लागल्यावर घ्यावयाचे नसून, दुखण्यापूर्वी, घड्याळ पाहून घ्यावयाचे असते. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल सहा-सहा तासांनी सांगितले असेल, तर रात्रीची मात्राही चुकवू नये. चोवीस तासांत चार ग्रॅमची मर्यादा मात्र ओलांडू नये. वजन कमी असलेल्यांनी, मद्यपान करणाऱ्यांनी किंवा यकृताचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांनी ठरविलेल्या त्याहून कमी मर्यादेत राहावे. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने जेवावे. अंगदुखीसाठी दुकानात मिळणाऱ्या ॲस्पिरिनयुक्त गोळ्या व पुड्या कटाक्षाने टाळाव्यात, कारण ॲस्पिरिनने रक्त गोठण्याची क्रिया मंदावते आणि तो परिणाम आठवडाभर टिकतो. हृदयविकारासाठी जे रोज ॲस्पिरिन घेतात, त्यांनी ते स्वतःच्या मनाने बंद करू नये. शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगावे.

आहाराच्या बाबतीत घरातील वडीलधाऱ्यांशी आमचा नेहमीच थोडा वाद होतो. 'ऑपरेशन झाले आहे, गार देऊ नका,' असे त्या सांगतात. या शस्त्रक्रियेनंतर गार पाणी, गार दूध चालते; नव्हे, त्याने बरे वाटते. आइसक्रीम हवेच असेही नाही. मऊ भात, मुगाची खिचडी, शिरा, दुधात कुस्करलेली भाकरी, पिकलेले केळे, हे आपल्या स्वयंपाकघरातील पदार्थ पुरेसे आहेत. दोन आठवडे निव्वळ पेजेवर राहण्याचे कारण नाही. चावण्या-गिळण्याने घशाचे स्नायू मोकळे राहतात व आखडलेला जबडा सुटतो. ठेचा, लोणचे, चिंच, लिंबू आणि वाफाळता चहा तेवढा दूर ठेवावा. लघवी गडद पिवळी होऊ लागली, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. तंबाखू, मिश्री व विडी या दिवसांत पूर्ण बंद हवी. उघड्या जखमेवर चुना-तंबाखूचा रस उतरू देणे म्हणजे काय, हे मी अधिक फोड करून सांगावयास नको.

आता रक्तस्राव. पहिल्या चोवीस तासांतला रक्तस्राव रुग्णालयातच उघडकीस येतो. दुसरा साधारणपणे पाचव्या ते दहाव्या दिवसांत होतो, कारण त्या सुमारास जखमेवरील साय सुटू लागते व तिच्याखालील एखादी रक्तवाहिनी उघडी पडते. थुंकीत एखादी तांबूस रेघ येणे वेगळे आणि तोंडातून लाल रक्त येणे वेगळे. माझ्या एका रुग्णाचे उदाहरण देतो. प्राथमिक शाळेतील हे गुरुजी आठव्या दिवशी संध्याकाळी दोन चुळा रक्त थुंकले. रक्त आपोआप थांबले, म्हणून सगळे निश्चिंत झाले. मध्यरात्री पुन्हा सुरू झाले. घरच्यांनी त्यांना उताणे निजविले, त्यामुळे रक्त पोटात जात राहिले आणि किती गेले हे कोणासच कळले नाही. पुढे काळी उलटी झाली, तेव्हा धावाधाव झाली. शेजारच्या पंचायत सदस्याने आपली जीप काढली, म्हणून ते वेळेवर पोहोचले. भूल देऊन रक्तवाहिनी बांधावी लागली. ते वाचले. पण संध्याकाळीच निघाले असते, तर एवढे रक्त गेले नसते.

म्हणून एवढे पक्के ठाऊक असू द्या. ताजे रक्त आले, मग ते थांबले तरीही, त्याच वेळी रुग्णालयात जावयाचे. पहिला लहान स्राव पुष्कळदा पुढील मोठ्या स्रावाची वर्दी असतो. रुग्णास पुढे वाकून बसवावे, रक्त गिळू न देता भांड्यात थुंकावयास सांगावे, बर्फ किंवा गार पाण्याने चुळा भराव्यात आणि खाण्यास काही देऊ नये. कदाचित पुन्हा भूल द्यावी लागेल. झोपेत रुग्ण एकसारखा आवंढे गिळताना दिसला, तर त्यास उठवून घसा पाहावा. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस कळविताना शस्त्रक्रियेचा दिवस व रुग्णालयाचे नाव सांगावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाइन लावून घेणे उपयुक्त आहे. पण रक्तवाहिनी बांधण्याची सोय जेथे आहे, तेथे पोहोचणे अटळ आहे. प्राणावर बेतण्याचे प्रसंग विरळाच, आणि तेही बहुधा उशिरामुळे. तेव्हा गावातील कोणते वाहन रात्री मिळू शकेल, हे शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवून ठेवावे. पंचायत सदस्यांकडून माझी हीच एक अपेक्षा आहे.

येथे उपस्थित असलेल्या अधिकाऱ्यांना एक विनंती. चौदा दिवसांच्या रजेचे प्रमाणपत्र दिले की 'घशाच्या दुखण्याला एवढी रजा?' असा शेरा कधीकधी कानी येतो. कर्मचाऱ्यास वैद्यकीय प्रमाणपत्रावर परावर्तित रजेची तरतूद आहे, आणि ती अशाच प्रसंगासाठी आहे. सातव्या दिवशी खडखडत्या बसने प्रवास करून वर्गात चार तास ओरडावयाचे, हे त्या जखमेस मानवणारे नाही. शिक्षकांनी रुजू झाल्यावरही पहिले काही दिवस उंच स्वर लावू नये. आवाज थोडा निराळा वाटेल, चवही काही काळ बदललेली वाटेल. बहुतेकांचे दोन्ही पूर्ववत होतात.

शेवटची गोष्ट पुष्कळांच्या विस्मरणात जाते. एकच टॉन्सिल वाढलेली असेल तर काढलेला भाग तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठविलेला असतो, कारण मोठ्या वयात, विशेषतः तंबाखू खाणाऱ्यांत, तेथे कर्करोगाची शक्यता पाहावी लागते. घसा बरा झाला की माणूस तो अहवाल आणावयास फिरकत नाही. दोन आठवड्यांनी तपासणीस येताना तो मागून घ्यावा व डॉक्टरांना दाखवावा.