सातबारा कुणाच्या नावावर?

देवगाव फाट्यावर माझं छोटं दुकान आहे. सेलू, जिंतूर, मंठा इकडची माणसं गाडी बदलायला इथं उतरतात आणि गाडीला वेळ असला की आत येऊन बसतात. कुणी गोधड्या शिवणारी, कुणी गणपती घडवणारा, कुणी तांड्यावरची भरतकाम करणारी, कुणी लग्नाचे फोटो काढणारा. सगळ्यांचा प्रश्न एकच : "दादा, वेबसाइट काढायला किती पैसे लागतील?" रेडिओ केंद्राकडं आलेल्या तुमच्या पत्रांतही तेच आहे. पैशाचं सांगतो, पण दोनच वाक्यांत. आधी मीच तुम्हाला विचारतो. तुमच्या वेबसाइटचा सातबारा कुणाच्या नावावर आहे?

सातबारा म्हणजे डोमेन. आपलं नाव आणि पुढं डॉट कॉम किंवा डॉट इन, तो पत्ता. होस्टिंग हा भाड्याचा गाळा आहे, तो उद्या बदलता येतो. साइटची सजावट म्हणजे रंगरंगोटी, तीही पुन्हा करता येते. डोमेन एकदा गेलं की गेलं.

शेत घेताना आपण तलाठ्याकडं जातो, फेरफार बघतो, चतुःसीमा तपासतो. हातभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. आणि ज्या नावावर गिऱ्हाईक येणार, त्याबद्दल विचारलं की उत्तर काय? "भाच्यानं काढलंय, त्यालाच माहीत." अहो, भाचा गुणी असेल, पण शेत त्याच्या नावावर केलं असतं का तुम्ही?

आमच्या भागातल्या एक ताई गोधड्या शिवतात. जुन्या लुगड्यांचे थर, कडेला कापडाच्या त्रिकोणी घड्या आणि सगळ्यावर हातचा धावदोरा. टाका इतका बारीक की उलटी बाजू कुठली ते बोट फिरवून शोधावं लागतं. ओळखीतल्या एका मुलानं त्यांना हौसेनं साइट काढून दिली. डोमेन त्यानं स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइल नंबरवर घेतलं. दोन वर्षं छान चाललं. पुण्याहून, बेंगळुरूहून मागण्या आल्या. मग त्या मुलाची नोकरी बदलली, नंबर बदलला. डोमेनची मुदत संपत आल्याची पत्रं तो उघडतच नसलेल्या ईमेलवर जात राहिली. मुदत संपली की नाव सोडवून घ्यायला थोडे दिवस मिळतात, तेही उलटले. ऐन थंडीत, गोधडीच्या हंगामात, साइट बंद. पुढं कुणी परक्यानं ते नाव उचललं आणि आज तिथं भलत्याच जाहिराती दिसतात. कार्डं नवी छापता येतात, पिशव्या नव्या घेता येतात. पण विकल्या गेलेल्या प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात ताईंनी पत्त्याची पट्टी शिवली होती. त्या गोधड्या लोकांच्या घरी आहेत. त्या पट्ट्या कशा बदलायच्या?

मुलगा वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. बहुतेक वेळा कुणी फसवत नाही. नाव चुकीच्या माणसावर असतं, एवढंच.

म्हणून आज रात्रीच एक काम करा. ज्यानं साइट काढून दिली त्याला समोर बसवा आणि डोमेन जिथून घेतलं ते खातं उघडायला लावा. ईमेल कुणाचं आहे ते बघा. तुमचं नसेल तर तुमचं घाला. मोबाइल नंबर तुमचा घाला, म्हणजे ओटीपी तुमच्याकडं येईल. मालक म्हणून नाव तुमचं, बिल तुमच्या नावाचं, पासवर्ड तुमच्या वहीत. मुदतीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लाल पेननं गोल करा. डोमेन एका वेळी दहा वर्षांपर्यंत भरून ठेवता येतं, जमेल तितकी वर्षं भरा. "मला त्यातलं कळत नाही" हे मला सांगू नका. ज्या बाईला हजारो टाके एका रेषेत घालता येतात तिला एक पासवर्ड सांभाळता येत नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

कुणी म्हणतं, वेबसाइट कशाला, माझं इन्स्टाग्राम आहे की. असू द्या, जरूर असू द्या. पण ती बटाईची जमीन आहे. २९ जून २०२० ची रात्र आठवा. सरकारनं एकोणसाठ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. आपल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी कलावंत पोरापोरींनी तिथं लाखांनी चाहते जमवले होते. त्यातल्या एकाचाही पत्ता त्यांच्या हातात राहिला नाही. बंदी बरोबर की चूक हा आजचा विषय नाही. जमीन दुसऱ्याची होती, हा विषय आहे.

आणि नोंदीचं मोल किती, ते कोल्हापुरी चपलेनं दाखवलं. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानमध्ये तशीच चप्पल मांडली, तेव्हा महाराष्ट्राला ठामपणे बोलता आलं आणि त्या चपलेचं मूळ कंपनीला मान्य करावं लागलं.

आता पैसे. डोमेन वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर, छोट्या साइटचं होस्टिंग महिन्याला काहीशे रुपये. साइटवरचे फोटो सकाळच्या उजेडात काढा आणि आकार कमी करून चढवा. किंमत लिहा, "फोन करा" म्हणून लपवू नका. मजकूर युनिकोडमध्येच हवा. पत्रिका छापणाऱ्याकडचा जुन्या फाँटमधला मजकूर उचलून टाकलात तर अक्षरांचा चिवडा होतो आणि गूगलला तो सापडत नाही. मराठीत डॉट भारत हा पत्ता २०१४ पासून मिळतो. हौसेनं घ्या, पण सोबत इंग्रजी अक्षरांतलाही घ्या.

राहिलं गिऱ्हाइकांना पाठवायचं बातमीपत्र. महिन्याला एक ईमेल पुरे. त्यात नुसतं "सूट, सूट" नको. या महिन्यात कुठलं लुगडं हाती आलं, कुठला रंग जमला नाही, ते लिहा, लोक वाचतात. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांवर थांबते आणि ज्यांनी तुमचा नंबर जपून ठेवलाय त्यांनाच निरोप पोचतो, म्हणून ईमेल. विचारल्याशिवाय कुणाचं नाव यादीत घालू नका, २०२३ चा कायदाही संमती मागतो. नको असेल त्याला नाव काढता यावं. डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएमच्या, म्हणजे पत्र तुमचंच आहे हे पटवणाऱ्या, नोंदी करून घ्या, नाहीतर पत्र स्पॅममध्ये जाईल.

आणि ती यादी? पुन्हा तेच विचारतो, कुणाच्या खात्यात आहे? उधारीची वही शेजारच्या दुकानात ठेवता का? महिन्यातून एकदा सगळी नावं उतरवून घ्या, कागदावर घेतली तरी चालेल.

त्या ताईंची वही होती. शंभर पानी, शाळेची. गिऱ्हाइकाचं नाव, ईमेल आणि पुढं "निळी, मोठी" किंवा "बाळाची, पिवळा काठ". डोमेन गेल्यावर ती वही घेऊन त्या माझ्या दुकानात आल्या. दोन दुपारी बसून आम्ही सगळे पत्ते टंकले. नवं डोमेन घेतलं, त्यांच्या नावावर, त्यांच्या फोनवर. मग एक छोटं पत्र धाडलं : आमचा पत्ता बदललाय, गोधडीवरच्या जुन्या पट्टीवरून जाऊ नका. संध्याकाळी पहिलं उत्तर आलं ते पुण्याच्या एका आजींचं. त्यांनी विचारलं होतं, पट्टी मी उसवून ठेवते, नवी पाठवाल का? ताई आता पाकिटात पट्टी घालून टपालानं पाठवतात, सोबत त्याच रंगाचा हातभर दोरा.