कळपाच्या दोन वाटा





भाषेचा अध्यापक रानमेंढ्यांकडे कसा वळला, असे आपणांस वाटेल. कारण एका शब्दात आहे. ‘कळप’ म्हटले की नर, मादी, पिले असा एकच समुदाय आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. रानातले चित्र निराळे आहे. आपल्या सातमालिया उद्यानात दिसणाऱ्या सांबराचेच पाहा. रानात वाढलेला सांबर नर माजाचा काळ सोडला, तर बहुधा माद्यांपासून दूर असतो.

या वेगळेपणाचा सूक्ष्म अभ्यास झाला तो रानमेंढ्यांवर. उत्तर अमेरिकेतील बिगहॉर्न मेंढ्यांवरचा व्हॅलेरियस गाइस्ट यांचा ग्रंथ 1971 साली प्रसिद्ध झाला. तरुण एडका आईचा कळप सोडतो आणि मोठ्या शिंगांच्या वडीलधाऱ्या एडक्यांमागे जाऊन वाटा व कुरणे शिकतो, असे त्यांनी दाखविले. मेंढ्या मात्र कोकरांसह कड्यांच्या आश्रयाने राहतात; लांडगा आला तर कडाच त्यांचा किल्ला. चाऱ्यासाठी एडके अधिक धोका पत्करतात. पुढे 1998 साली कॅथरीन रुकस्टुल यांनी आणखी एक कारण पुढे आणले. मेंढी अधिक वेळ चरते, एडका अधिक वेळ बसून रवंथ करतो. दिनक्रमच जुळत नसल्याने सोबत टिकत नाही. थंडीच्या तोंडी, माजाच्या दिवसांत, दोन्ही वाटा पुन्हा एकत्र येतात.

‘निसर्गानेच नर-मादी वेगळे ठेवले, मग मुलींना मागे ठेवण्यात गैर ते काय?’ असा युक्तिवाद आजही कानी पडतो. मुळात पशूंच्या वर्तनातून माणसाची नीती ठरत नाही. आणि दाखला द्यायचाच, तर तो पुरता पाहून द्यावा. मेंढीला कड्यावर कुणी कोंडलेले नाही. कोकरांच्या रक्षणासाठी ती जागा तीच निवडते, आणि कळपाला वाटही अनुभवी मेंढीच दाखविते. तेथे वेगळेपण आहे, पण मज्जाव नाही.

वेगळे असणे आणि वगळले जाणे, या दोन क्रियापदांत अक्षरांचे अंतर थोडे, अर्थाचे फार आहे. ज्या घरी मुलीचे शिक्षण आजही अर्ध्यावर थांबते, तेथे हे अंतर समजावून सांगणे हे आपणां माजी विद्यार्थ्यांचे काम आहे.