गिअरबॉक्सचा दिवा लागला तर...
(सोसायटीच्या सभागृहातील भाषणावरून)

मंडळी, आपल्या पार्किंगमध्ये आता ऑटोमॅटिक गाड्या बऱ्याच झाल्यात, म्हणून हा विषय.

डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा दिवा लागला की पोटात गोळा येतो. त्यात गॅरेजवाला ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ म्हणाला की आपण मान डोलावतो. थांबा. आधी विचारा, ‘कोड कोणता आला?’ स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं, तिथे स्कॅनर लावला की कोड दिसतो. नुसता ‘पी ०७००’ आला, तर अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने काही बिघाड नोंदवलाय. दारावरची बेल वाजली. कोण आलंय ते दार उघडल्यावरच कळणार! खरा कोड त्या कंट्रोलरमधून वाचावा लागतो, आणि साधा स्कॅनर तिथवर पोचतोच असं नाही. कोड लिहून घेतल्याशिवाय पुसू मात्र देऊ नका. बिघाडाच्या वेळची नोंदही त्याबरोबर जाते.

बॅटरी आधी तपासा. व्होल्टेज पडलं की कंट्रोलर नसलेली दुखणीसुद्धा सांगतात. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.५ व्होल्टच्या आसपास दाखवते. महिना-महिना गाडी झाकून ठेवणाऱ्या ज्येष्ठ मंडळींनी हे खास लक्षात घ्यावं. मग ऑइल: पातळी, रंग, जळका वास.

ड्युअल क्लचच्या गाडीत ट्रॅफिकमध्ये ‘गिअरबॉक्स गरम’ असा संदेश आला, तर गाडी रेटू नका. सुरक्षित जागी बाजूला घ्या, ‘पी’मध्ये टाका, थंड होऊ द्या. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवली की क्लच तापतो. आपल्या बेसमेंटच्या रॅम्पवर सकाळी नऊला हा प्रयोग रोज चालतो!